उत्तराला आणखी एक ओळ हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील सामान्यज्ञानाचे सदर मी अनेक वर्षे न चुकता वाचत आलो आहे. इतिहासातील थोर व्यक्ती, जगातील शहरे आणि प्रसिद्ध वास्तू यांवरचे दहा प्रश्न आणि त्यांच्याखाली उलट्या अक्षरांत छापलेली दहा उत्तरे, असे त्याचे ठरलेले रूप आहे. शाळकरी मुलांपासून स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांपर्यंत अनेक जण त्याची कात्रणे काढून वहीत चिकटवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. या वाचकांच्या दृष्टीने छापून आलेले उत्तर हे अखेरचे उत्तर असते, आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याची गरज वाटली. एक नाव किंवा एक साल एवढ्यावर उत्तर संपवण्याची जी पद्धत पडून गेली आहे, तिच्यामुळे अर्धे सत्य पुष्कळदा पूर्ण सत्य म्हणून पाठ होते. ते टाळायचे असेल तर प्रत्येक उत्तराला आणखी एक ओळ जोडावी, एवढेच माझे मागणे आहे.

ही गोष्ट मला फार बोचली ती एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत. त्या दिवशी मी गुण मांडण्याच्या कामावर होतो. ‘पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम कोणी पूर्ण केली?’ असा प्रश्न आला, तेव्हा सातवी-आठवीतल्या एका मुलीने क्षणभर थांबून ‘एल्कानो’ असे उत्तर दिले. प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातातील कार्डावर ‘मॅगेलन’ असे लिहिलेले होते. त्यांनी उत्तर चूक ठरवले, प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, त्या संघाने ‘मॅगेलन’ म्हटले आणि टाळ्या पडल्या. मी फळ्यावर त्या संघाच्या रकान्यात दहा गुण लिहिले. ती मुलगी काही बोलली नाही. शेजारच्या मैत्रिणीकडे पाहून ‘एल्कानोच’ एवढे मात्र पुटपुटली. तिचे उत्तर बरोबर आहे हे मला त्या वेळीही ठाऊक होते. मी उठून तसे सांगायला हवे होते, आणि सांगितले नाही याची खंत आजही वाटते.

फर्डिनंड मॅगेलन हा पोर्तुगीज दर्यावर्दी स्पेनच्या राजाच्या चाकरीत होता. पश्चिमेच्या वाटेने मसाल्याची बेटे गाठायची, या हेतूने १५१९ च्या सप्टेंबरात पाच जहाजे आणि अडीचशेच्या आसपास माणसे घेऊन त्याने स्पेनचा किनारा सोडला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळची, आज त्याच्याच नावाने ओळखली जाणारी सामुद्रधुनी त्याने शोधून काढली आणि पॅसिफिक महासागर पार केला. परंतु २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधील मॅक्टन बेटावर तेथील रहिवाशांशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. पुढचा अर्ध्या पृथ्वीचा प्रवास त्याच्याशिवाय झाला. व्हिक्टोरिया हे एकच जहाज हुआन सेबास्तियन एल्कानो याच्या नेतृत्वाखाली हिंदी महासागर ओलांडून, आफ्रिकेला वळसा घालून ६ सप्टेंबर १५२२ रोजी स्पेनला पोहोचले, आणि त्यावर एल्कानो धरून अवघी १८ माणसे होती. परतीच्या वाटेवर हे जहाज केप व्हर्ड बेटांना लागले, तेव्हा त्यांच्या वहीप्रमाणे बुधवार होता आणि किनाऱ्यावर मात्र गुरुवार होता. रोजच्या रोज नोंद ठेवूनही एक दिवस हरवला कसा, या विचाराने ते खलाशी चक्रावून गेले. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात राहून पृथ्वीला पूर्ण फेरी घालणाऱ्याच्या वाट्याला एक सूर्योदय कमी येतो, हे माणसाला प्रत्यक्ष अनुभवाने कळले ते त्या दिवशी. एका नावाच्या उत्तरात हे सारे गडप होते.

मग नाव मॅगेलनचेच का उरले? याचेही कारण आहे, आणि ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे असे मला मनापासून वाटते. १५२० साली मॅगेलनविरुद्ध जे बंड झाले त्यात एल्कानो सामील होता. परत आलेल्या १८ जणांत अंतोनियो पिगाफेत्ता हा इटालियन प्रवासी होता. त्याची मॅगेलनवर निस्सीम निष्ठा होती, आणि या मोहिमेचे सर्वांत तपशीलवार वर्णन त्यानेच लिहून ठेवले. त्या वर्णनात एल्कानोचे नाव एकदाही येत नाही. राजाने एल्कानोला पृथ्वीचा गोल असलेले मानचिन्ह बहाल केले, त्यावर ‘तू मला प्रथम प्रदक्षिणा घातलीस’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द घातले. तरीही जगाने लक्षात ठेवले ते पिगाफेत्ताने लिहिलेले नाव. इतिहासात कोणाचे नाव राहते हे पुष्कळदा लेखणी कोणाच्या हाती होती यावर ठरते, हे समजायला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

वास्तूंच्या बाबतीत ‘कोणी बांधला’ हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी नीट दिले जाते. आयफेल टॉवरचेच पाहा. उत्तर ‘गुस्ताव आयफेल’ असे छापले जाते, आणि ते चूक आहे असे म्हणता येणार नाही; परंतु उंच लोखंडी मनोऱ्याचे पहिले रेखाटन १८८४ साली त्याच्या कंपनीतील मॉरिस कोश्लँ आणि एमिल नुगिए या दोन अभियंत्यांनी केले होते, आणि ते पाहून आयफेलला सुरुवातीला फारसा उत्साह वाटला नव्हता. स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुविशारदाने पायथ्याशी त्या देखण्या कमानी जोडून आराखड्याला रूप दिले, तेव्हा आयफेलने तो उचलून धरला. वाऱ्याच्या दाबाचे गणित पक्के करणे, पैसा उभा करणे, कलावंतांचा विरोध अंगावर घेणे आणि दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात काम पुरे करणे हे श्रेय मात्र त्याचेच आहे. १८,०३८ लोखंडी भाग आणि २५ लाख रिव्हेट जोडून उभा राहिलेला हा मनोरा १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खुला झाला, तो केवळ वीस वर्षे ठेवायचा या बोलीवर. मुदत संपताना तो पाडला गेला नाही, कारण एव्हाना माथ्यावरून बिनतारी संदेश पाठवता येऊ लागले होते आणि लष्कराला त्याचा उपयोग कळला होता. पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली चारही बाजूंनी ७२ शास्त्रज्ञांची व अभियंत्यांची नावे मोठ्या अक्षरांत बसवली गेली. त्यांत सोफी जर्मेन नव्हती; जिने ताण पडल्यावर पृष्ठभाग कसे कंप पावतात आणि वाकतात याच्या गणितासाठी १८१६ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवले, तिचे नाव लवचीकतेच्या शास्त्रावर उभ्या असलेल्या त्या मनोऱ्यावर घेतले गेले नाही.

पिसाच्या कललेल्या मनोऱ्यापाशी तर ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ हे दोन्ही प्रश्न अडखळतात. त्याचे बांधकाम ११७३ साली सुरू झाले. पाया उथळ होता आणि खालची चिकणमाती मऊ, त्यामुळे तिसरा मजला चढत असतानाच मनोरा खचू लागला. त्यानंतर पिसाच्या शेजारच्या नगरराज्यांशी चाललेल्या लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षे बंद राहिले, आणि हे बंद राहणेच मनोऱ्याला तारून गेले. कारण त्या काळात वजनाखालची माती दबून घट्ट होत गेली. काम सलग चालू राहिले असते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असे अभियंत्यांचे मत आहे. १२७२ मध्ये काम पुन्हा हाती घेतले गेले, तेव्हा गवंड्यांनी खचलेल्या बाजूच्या भिंती किंचित उंच ठेवून मजले सावरण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे हा मनोरा कललेला आहे तसाच मध्ये किंचित वाकलेलाही आहे, हे नीट निरखले तर छायाचित्रातही दिसते. सगळ्यात वरचा घंटेचा मजला चौदाव्या शतकात पुरा झाला. मूळ आराखडा कोणाचा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि बांधकाम तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पुढे १९९० साली धोका वाढला म्हणून मनोरा लोकांसाठी बंद झाला, तेव्हा अभियंत्यांनी कललेल्या बाजूला हात न लावता उंच राहिलेल्या उत्तरेकडच्या बाजूखालून थोडी थोडी माती काढली. मनोरा हळूहळू मागे आला, आणि २००१ च्या डिसेंबरात तो पुन्हा उघडला. त्याला पूर्ण सरळ करणे कोणाच्या मनात नव्हते, हेही खरेच.

याच ओघात एका दंतकथेविषयी लिहिणे भाग आहे, कारण ती उत्तरांच्या शेवटी ‘विशेष माहिती’ म्हणून वारंवार छापली जाते. ताजमहाल पुरा झाल्यावर कारागिरांचे हात तोडले, अशी ती कथा. त्या काळच्या कोणत्याही नोंदीत याला आधार नाही. मॉस्कोच्या लाल चौकातील सेंट बेसिल कॅथीड्रलच्या, म्हणजे १५५५ ते १५६१ या काळात उभ्या राहिलेल्या त्या रंगीत घुमटांच्या चर्चच्या, वास्तुविशारदाला झार इव्हानने आंधळे केले असे सांगतात. प्राग शहराच्या खगोलीय घड्याळाच्या कारागिराचेही डोळे काढले असे सांगतात. प्रागच्या कथेतील हानुश हा तर त्या घड्याळाचा कर्ताच नव्हे; ते १४१० साली कादानच्या मिकुलाशने घडवले. एकाच साच्यातली कथा तीन देशांतल्या तीन वास्तूंना चिकटलेली दिसते, तेव्हा तिच्यात इतिहासाचा भाग किती आणि सुंदर वास्तूविषयी लोकांच्या मनात असलेल्या धास्तीयुक्त आदराचा भाग किती, हे उघड होते. दंतकथा म्हणून ती जरूर छापावी, मात्र तसा शब्द घालून.

आता आकडे आणि तारखा. नेपोलियन ठेंगणा होता, असे उत्तर कित्येक पुस्तकांत आहे आणि त्याला आधार म्हणून ५ फूट २ इंच हा आकडा दिलेला असतो. हा आकडा जुन्या फ्रेंच मापातला आहे. त्या वेळचा फ्रेंच इंच सुमारे २.७ सेंटीमीटरचा होता, आणि इंग्रजी इंच २.५४ सेंटीमीटरचा आहे. फ्रेंच मापाने हिशोब केला तर नेपोलियनची उंची १६८ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे आजचे साडेपाच फूट, भरते; त्या काळच्या फ्रेंच पुरुषाला ती मुळीच कमी नव्हती. इंग्लंडमधल्या व्यंगचित्रकारांनी त्याला बुटका रंगवला आणि मापांच्या घोटाळ्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. तारखांचेही असेच होते. ‘गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य मी स्वतः शाळेत पाठ केले होते. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, तो ग्रेगोरियन, म्हणजे आज चालू असलेल्या नव्या कालगणनेप्रमाणे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, तो इंग्लंडमध्ये तेव्हा चालू असलेल्या ज्युलियन, म्हणजे जुन्या कालगणनेप्रमाणे. दोन्ही तारखा ग्रेगोरियन गणनेत आणल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो. दोन्ही ज्युलियन गणनेत आणल्या तर गॅलिलिओचा मृत्यू १६४१ च्या डिसेंबरात जातो. कोणतीही एकच गणना धरली तरी साल जुळत नाही. रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला का येतो, याचेही उत्तर याच फरकात आहे. तारखेपुढे ‘जुनी गणना’ किंवा ‘नवी गणना’ असे दोन शब्द छापले की संशय फिटतो.

शहरांच्या बाबतीत फार लिहीत नाही. ‘कॉन्स्टँटिनोपलचे इस्तंबूल केव्हा झाले?’ याचे उत्तर १४५३ असे दिले जाते. त्या साली सुलतान दुसऱ्या मेहमदाने शहर जिंकले हे खरे, पण ऑटोमन नाण्यांवर आणि कागदपत्रांत त्यानंतरही शतकानुशतके ‘कोस्तंतिनिये’ हे नाव चालू होते. ‘इस्तंबूल’ हा उच्चार लोकांच्या तोंडी आधीपासूनच होता, आणि तो ‘शहराकडे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. परदेशांनी टपालावर तेच नाव लिहावे, असा आग्रह तुर्की प्रजासत्ताकाने धरला तो १९३० साली. राजधान्यांचेही एका शब्दात भागत नाही: दक्षिण आफ्रिकेच्या तीन राजधान्या आहेत, बोलिव्हियाची घटनेनुसार राजधानी सुक्रे असली तरी सरकार ला पाझ येथून चालते, आणि नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅम असून संसद हेगला आहे.

एक उत्तर मात्र निखालस चूक असूनही पुन्हा पुन्हा छापले जाते, त्याविषयी आपण कृपा करून एकदा स्पष्ट खुलासा करावा. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे ते उत्तर. माणूस अवकाशात जाण्याच्या कितीतरी आधीपासून हे विधान छापले जात होते, म्हणजे ते कोणी पाहून केलेले नव्हतेच. भिंतीची रुंदी बहुतेक ठिकाणी दहा मीटरपेक्षा कमी आहे आणि चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. लांबी कितीही असली तरी एवढी अरुंद रेघ एवढ्या अंतरावरून डोळ्यांना दिसणे शक्य नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेतूनही ती ओळखणे अवघड जाते, कारण ती त्या त्या भागातल्याच दगडमातीची असल्याने आसपासच्या जमिनीच्या रंगात मिसळून जाते. २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई परत आला, तेव्हा आपल्याला भिंत दिसली नाही असे त्याने स्वतः सांगितले. शिवाय ही एक भिंत नव्हे. अनेक राजवटींनी बांधलेल्या अनेक भिंतींचे ते जाळे आहे, आणि आज पर्यटकांना दिसणारा विटा-दगडांचा भाग मुख्यतः मिंग काळातला आहे. त्यामुळे ‘शी हुआंगने (म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाने) बांधली’ हे उत्तरही पुरे पडत नाही.

जागा अपुरी असते आणि परीक्षेत एकच पर्याय निवडायचा असतो, ही आपली अडचण मला समजते. परीक्षेला एका शब्दाचे उत्तर लागते हे मान्यच आहे, आणि ते ठळक अक्षरांत छापलेच पाहिजे. पण त्याखालची ओळ वाचणारा विद्यार्थी ते उत्तर विसरत नाही, असा माझा अनुभव आहे. सालांची आणि नावांची कोरडी यादी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विरून जाते. बुधवारचा गुरुवार झाल्याची हकीकत ऐकलेल्या मुलाला मात्र १५२२ हे साल वेगळे घोकावे लागत नाही. दहा प्रश्नांऐवजी सात प्रश्न छापले तर या ओळींना पुरेशी जागा निघेल, आणि वाचकांचे त्यात काही नुकसान होईल असे मला वाटत नाही.

आणखी दोन लहान सूचना. उंची, लांबी यांसारखा जो आकडा मोजणीगणिक बदलतो, त्यापुढे मोजणीचे साल द्यावे: एव्हरेस्ट १८५६ साली २९,००२ फूट होते आणि २०२० साली ८,८४८.८६ मीटर जाहीर झाले. आयफेल टॉवर नव्या अँटेनामुळे २०२२ साली ३३० मीटरचा झाला. आणि एखादे उत्तर चुकले तर त्याची दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात न देता त्याच सदरात, त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावी, म्हणजे ज्यांनी चुकीचे कात्रण वहीत चिकटवले आहे त्यांच्या ती नजरेस पडेल.

मॅगेलनचा प्रश्न आपल्या सदरात पुन्हा येईलच. तो या शब्दांत विचारावा, अशी विनंती आहे: ‘मॅगेलनने सुरू केलेली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून कोणाचे जहाज परत आले, आणि मॅगेलन त्या जहाजावर का नव्हता?’

आपला नम्र,
एक नियमित वाचक